पावलांवर कोणी पाय देत नाही

१० जानेवारी

सुभद्रा आज रिकाम्या हाताने परत आली. रस्त्याच्या मध्यापर्यंत पोचली होती, तेवढ्यात एका मोटारसायकलवाल्याने डब्याला धक्का दिला. डबा उडाला, वरणभात रस्त्यावर सांडला. तिला साधे खरचटलेही नाही. पाणी दिले तर अर्धे पदरावर सांडले.

आमचे घर रस्त्याच्या या बाजूला. तिची मोठी बहीण इंदुताई समोरच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. इंदुताईचे डावे अंग लुळे पडले आहे. तिची मुलगी श्वेता सकाळी नोकरीवर जाते ती दिवेलागणीला उगवते. मधले सगळे सुभद्रा करते, अंघोळ, वेणी, जेवण, औषध. म्हणजे माझ्या बायकोला रस्ता ओलांडल्यावाचून सुटका नाही. आधी डांबरी रस्ता होता तेव्हा खड्डेच गाड्यांना धाकात ठेवायचे. सिमेंटचा झाला आणि आमच्या नंदनवन वस्तीतून लोक विमान उडवायला निघाल्यासारखे जाऊ लागले.

संध्याकाळी म्हणाली, "अजी, सकाळच्याले थोडं माह्यासंग येत जा न. रस्ता पार करून द्या, मंग या वापस."

मी म्हणालो, रोज हात धरून किती दिवस नेणार? दुखणे रस्त्याला आहे, औषध रस्त्यालाच दिले पाहिजे.

 तिने भांडी जोरजोरात घासली.

१५ जानेवारी

काल तिळगूळ वाटून झाला, आज गोड बोलणे संपले. महापालिकेच्या झोन कार्यालयात गेलो होतो. कुठल्याशा परदेशी गावात रस्त्यावर असे पट्टे रंगवले आहेत की लांबून ते हवेत तरंगणारे ठोकळे वाटतात. गाडीवाला दचकून ब्रेक दाबतो. मोबाइलवरचा तो व्हिडिओ मी तिथल्या अभियंत्याला दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला, चहा पाजला आणि म्हणाला, "सर, निधी नाही. तुमी करून राहिले असान तर करा. लोकसहभागात दाखवून देऊ."

तिथून जितेंद्रकडे. माजी नगरसेवक. निवडणुकाच होत नाहीत म्हणून माजी, नाहीतर थाट सगळा चालू खात्यातला. माझाच विद्यार्थी. कावळा काढ म्हटले की बदक काढायचा. त्याने रस्त्याचा रंग मिळवून देतो म्हणून शब्द दिला. "सर, तुमी फक्त कला करा. बाकीचं माह्यावर सोडा. टेन्शनच नका घेऊ."

नुसते पांढरे पट्टे मी ओढणार नाही. ते सरकारही ओढते आणि लोक त्यावर उभे राहून पाणीपुरी खातात. माझा बाप मागावर करवतकाठी लुगडी विणायचा. करवतीच्या दातांसारखा तो काठ माझ्या डोळ्यांत बसलेला आहे. तो काठ मी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन बाजूंनी, असा रंगवणार की दाते जमिनीतून वर आल्यासारखे दिसतील. आणि दोन काठांच्या मधे माणसांची पावले, म्हणजे लहान पोरालाही कळेल की चालायचे इथून.

शाळेत चित्रकला शिकवत होतो तेव्हा माझे चित्र कधी कोणी भिंतीवर लावले नाही. स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवण्यात आयुष्य गेले. आता बघू.

१७ जानेवारी

सुभद्रेला पुठ्ठ्यावर उभे केले आणि पेन्सिलने पायांची कड काढली. गुदगुल्या झाल्या म्हणून हसत होती. फार दिवसांनी हसली.

"दुसऱ्या कोनाचे काढा न पाय. माह्या पायाले भेगा आहेत."

"रंगात भेगा दिसत नाहीत."

तिच्या पायाचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, हे मला इतक्या वर्षांत आज कळले. छान आकार आहे. तो पुठ्ठा कापून त्याचा साचा केला, त्याने लहान पावले उमटवायची. शिवाय रस्त्याच्या बरोबर मधे एक मोठी जोडी, खाटेएवढी, चौकटी पाडून वाढवलेली. लांबून येणाऱ्या गाडीला ती आधी दिसली पाहिजे. मोठ्या जोडीभोवती जागा उघडी वाटत होती म्हणून कमळाच्या पाकळ्या घातल्या. कागदावर तरी देखणे दिसते आहे.

सुभद्रेने इंदुताईला सांगितले तर ती तोंड वाकडे असूनही पोट धरून हसली म्हणे. "ताई म्हणते, सुभे, आता सारं नागपूर तुह्या पायावरून जाईन."

१९ जानेवारी, रविवार

कंबर मोडली. पोलिसांनी सकाळपासून आधी अर्धा रस्ता बंद करून दिला, मग दुसरा अर्धा. ऊन डोक्यावर आणि खाली सिमेंट तापलेले. लाल जमीन, पिवळा काठ, पांढरी पावले. नत्थूजींची चहाटपरी अगदी कडेला आहे, ते दर थोड्या वेळाने चहा पाठवत होते आणि वर सूचनाही. "सर, लाल थोडा अजून मारा. देवळासारखा येऊन राहिला."

चारच्या सुमारास जितेंद्र आला. त्याच्या माणसांनी मोठ्या पावलांवर हळदकुंकू वाहिले, कडेला नारळ फोडला, फोटो काढले. मला हार घातला. मी म्हणालो, अरे हे चालायला आहे. तो म्हणाला, "हाव सर, शुभकाम आहे न."

पहिली सुभद्रा गेली, डबा घेऊन, आपल्याच पावलांवर पाय टाकत. ती तंतोतंत बसत होती. समोरून ऑटो आला, दात्यांपाशी कचकन थांबला, आणि ती जाईपर्यंत थांबून राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या चित्रापुढे आजवर कोणी थांबले नव्हते.

२१ जानेवारी

पेपरात फोटो आला, पाचव्या पानावर. गाड्या खरेच हळू होत आहेत. दुपारभर टपरीवर बसून पाहिले. टॅक्सी, स्कूटी, शाळेच्या व्हॅन, सगळे आधी दचकतात, मग हळू होतात. एका कॉलेजातल्या पोट्ट्याने तर गाडी थांबवून सेल्फी काढला.

सुभद्रा दोन्ही वेळा आरामात गेली. मी बसलो होतो तिकडे पाहून हसली. सोबत चला असे आता म्हणत नाही. काम झाले.

२३ जानेवारी

आज गुरुवार. सकाळी मोठ्या पावलांवर झेंडूची फुले होती आणि एक उदबत्ती सिमेंटच्या फटीत खोचलेली.

नत्थूजींना विचारले तर म्हणाले, "पादुका आहेत न सर. लोकं ठेवतीलच."

"कोणाच्या पादुका?"

"आता ते तुमाले माहीत. तुमी काढल्या. कोनी म्हणते लक्ष्मीच्या, कोनी म्हणते महाराजाच्या. दुसरं बोट लांब आहे न, ते साध्या मानसाचं नसते."

मला हसूच आले. त्यांना म्हणालो, आमच्या घरच्या मंडळींचे पाय आहेत ते. त्यांनी जीभ चावली आणि कानाच्या पाळ्या धरल्या. "असं नका बोलू सर, पाप लागते."

मग नीट पाहू लागलो आणि हसू गेले. पावलांवरून कोणी चालतच नाही. येतात, काठापाशी थबकतात, कोणी हात जोडतात, आणि काठाच्या बाहेरून रस्ता ओलांडतात. एका बाईने लेकराला खसकन ओढले, "पाय नको देऊ, देव आहे." म्हणजे चालायची जागा मोकळी, आणि माणसे तिच्या बाहेर, गाड्यांमधे. ज्यांनी हळू व्हायचे ते हळू झाले, पण ज्यांच्यासाठी झाले ते तिथे नाहीतच. अशा लोकांसाठी काय करावे!

२६ जानेवारी

'पावलांवरून चाला' अशी पाटी हाताने रंगवून खांबाला बांधली. दुपारपर्यंत तिला कोणीतरी हार घातला.

३१ जानेवारी

आज भांडण झाले. सुभद्रा नेहमीसारखी पावलांवरून चालली होती. फुले वाहायला आलेल्या दोघी-तिघी तिच्या अंगावर आल्या. "चप्पल घालून चालून राहिली, लाज नाही वाटत काय वं?" ही म्हणाली, "माहे पाय आहेत बाई हे. पाहून घ्या." आणि चप्पल काढून, पावलावर पाऊल ठेवून दाखवले. त्या आणखीच चिडल्या. एकीने तिला हाताने बाजूला ढकलले.

रात्री जेवताना म्हणाली, "पुसून टाका ते पाय. लोकं माह्या पायाच्या पाया पडून राहिले. मले झोप नाही येत."

मी म्हणालो, पुसायचे कशाला, लोक हळूहळू शिकतील.

"कधी शिकतीन? मी रोज पाय ठेवून जाते, एवढ्यासाठीच का लोकाईले कळावं, हे चालाचं आहे. तुमी त टपरीवर बसून राहता. तुमी काहून नाही चालत कधी त्याच्यावरून?"

हा काय प्रश्न झाला? मला पलीकडे काही काम नसते.

४ फेब्रुवारी

खरे सांगायचे तर चित्राची अवस्था पाहवत नाही. कुंकवाचे डाग, तेल, फुलांचा चिखल. भाजीवाल्याने हातगाडी मधोमध उभी केली होती. पोट्टे काठाच्या दात्यांवरून उड्या मारतात. मी आता टपरीवर बसतो आणि हाकलतो. माखलेल्या पायांनी कोणी आले की ओरडतो. नत्थूजींनी त्यांची प्लास्टिकची खुर्ची मलाच दिली आहे. कोणी म्हणेल, म्हातारा वेडा झाला. म्हणू दे. रंग एकदा गेला की दात्यांची उंची दिसत नाही, उंची दिसली नाही की गाड्या थांबत नाहीत. हे सगळे मी कोणासाठी करतो आहे? सुभद्रेसाठीच ना?

तिलाही आज बोललो. इंदुताईचे पाय धुऊन ओल्या चपलांनी आली, दोन पावलांवर चिखल उमटला. ती थांबली, वाकून पदराने पुसले आणि घरी गेली.

९ फेब्रुवारी

गाड्या सरावल्या आहेत. दात्यांपाशी आता कोणी दचकत नाही. पण एक नवीनच पाहिले. गाडीवालेसुद्धा मोठ्या पावलांवरून चाक नेत नाहीत! ऐन वेळी टपरीच्या बाजूला वळवतात, नमस्काराला एक हात हँडलवरून काढतात, आणि पुढे निघून जातात. टपरीच्या बाजूनेच तर माणसे ओलांडतात. नत्थूजींच्या बाकड्याला परवा स्कूटी घासून गेली.

जितेंद्रला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे श्रद्धा तर आहेच न सर लोकाईची. आणि पहा, तुमच्या कलेले केवढा मान." मान आहे, हे खोटे नाही. कालच एक अनोळखी माणूस माझ्या पाया पडला. पादुका काढणारे सर ते हेच, असे त्याने आपल्या बायकोला सांगितले. मी पाय मागे घेतले. जरा उशिरा घेतले.

१३ फेब्रुवारी

गुरुवारी आता आरती होते. मंडळ स्थापन झाले आहे, जितेंद्र अध्यक्ष. वीस तारखेला महाराजांचा प्रकट दिन, तेव्हा पावलांपाशी पिठलं-भाकरीचा महाप्रसाद. त्याआधी जितेंद्रला रंग ताजा करून हवा आणि मोठ्या पावलांना सोनेरी कड.

मी आधी नाही म्हणालो. साफ नाही. मग त्याने मोबाइलवर दाखवले की मंडळाच्या पत्रकावर माझे नाव जाड अक्षरात छापले आहे, 'संकल्पना व चित्र'. शिवाय रंग फिका पडलाच होता. दाते पुन्हा उठावदार करता येतील. एका कामात दोन कामे.

सुभद्रेला सांगितले तर हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. "माह्या पायाले सोनेरी कड?" एवढेच म्हणाली. पोळी जळली.

१८ फेब्रुवारी, सकाळ

टपरीवर बसून लिहितो आहे. पहाटेच काम सुरू केले. दात्यांवर पिवळ्या रंगाचा दुसरा हात झाला, पावले पांढरी झाली, आता सोनेरी कड ओली आहे. मंडळाच्या माणसांनी मधल्या भागाभोवती ड्रम उभे करून दोरी बांधली आहे. त्यामुळे गाड्यांना फक्त टपरीच्या बाजूची पट्टी उरली आहे. गर्दी होते आहे खरी, पण संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न आहे.

काय उजळले आहे चित्र! उन्हात सोने नुसते पेटले आहे. बापाने पाहायला हवे होते.

सुभद्रा डबा घेऊन निघाली. नेहमीसारखी पावलांकडेच चालली होती, दोरीखालून वाकून जायच्या बेतात. इथूनच ओरडलो, "अगं रंग ओला आहे, पावलांवर नको, बाजूने जा!" थांबली. माझ्याकडे पाहिले. मग दोरी सोडून ती

१९ फेब्रुवारी

खुब्याचे हाड मोडले आहे. डोक्याला मार आहे, पण शुद्ध आली. उद्या ऑपरेशन.

पिकअप होता. भिवापूरहून मिरची घेऊन कळमन्याच्या बाजारात चाललेला. सुभद्रेचे माहेर भिवापूरचे. मिरचीची पोती तिच्या अंगावर पडली असती तर गुदमरूनच मेली असती, असे डॉक्टर म्हणाले, म्हणजे नशीब म्हणायचे. ड्रायव्हर पळाला नाही. रस्त्याच्या कडेला डोके धरून बसला होता. "पादुकावरून चाक कसं नेऊ जी? म्हणून बाजूनं घेतली. बाई तिथं असन हे मले काय माहीत?" लोकांनी त्याला मारले. मीही एक मारली. हात अजून दुखतो आहे.

या देशात चित्र काढू नये. ड्रायव्हर आंधळे, लोक त्याहून आंधळे, आणि ड्रम कोणी लावले तर मंडळाने. मी सांगितले होते का ड्रम लावायला?

२० फेब्रुवारी

ऑपरेशन झाले. आत रॉड घातला आहे. ती झोपेत होती तेव्हा हवालदार बयाण घ्यायला आला. बाहेर बाकावर बसलो. श्वेता रजा टाकून आली होती, ती औषधे आणायला खाली गेली होती.

त्याने विचारले, "सर, चालाचा पट्टा तिथंच होता. बाई पट्ट्यावरून काहून नाही गेल्या? ड्रायव्हरचा वकील हेच विचारीन."

 त्याने पेन उघडून ठेवले होते. मंडळाचे दोघे माझ्यासाठी प्रसादाचा डबा घेऊन समोर उभे होते.

मी म्हणालो, "श्रद्धाळू आहे ती. पादुकांवर पाय देत नाही."

तो म्हणाला, "हाव, तिथं कोनीच नाही देत." आणि लिहून घेतले. मंडळाच्या एकाने मान हलवली, फार समाधानाने.

सगळेच तसे करतात, तेव्हा यात खोटे ते काय? ओल्या रंगाचे सांगितले असते तर कोणाचा फायदा होता? त्याने हाड काही जुळणार नव्हते. उगाच चौकशी मंडळावर, झोनवर, माझ्यावर आली असती, आणि चित्र त्याच दिवशी खरवडून टाकले असते. मग तिने हे सगळे सोसले ते कशासाठी? भूक नव्हती. प्रसाद तसाच नर्सला दिला.

२२ फेब्रुवारी

सुभद्रा बोलते आहे. इंदुताईला कोण पाहते, पहिला प्रश्न. श्वेताने एक बाई ठेवली आहे म्हणून सांगितले.  मी म्हणालो, दुखते का? म्हणाली, नाही.

रंगाचे तिने काही काढले नाही. मी वाट पाहत होतो. म्हणजे आठवत नसेल. डोक्याला मार लागला की मागचे पुसले जाते म्हणतात. डॉक्टरांना विचारले, ते म्हणाले, होऊ शकते. बरे वाटले. का वाटले ते लिहीत बसत नाही.

२६ फेब्रुवारी

श्वेता विम्याच्या कामासाठी पोलीस ठाण्यात जाऊन बयाण वाचून आली. मी वॉर्डात गेलो तेव्हा ती सुभद्रेजवळच होती.

सुभद्रा म्हणाली, "मी भक्तीपायी बाजूनं गेली काय?"

मी म्हणालो, पोलिसांना काहीतरी सांगावेच लागते.

"मंग काहीतरी सांगाचं होतं. माह्या नावावर काहून सांगतलं? साऱ्या नंदनवनात मी एकटी त्याच्यावरून चालत होती. बाया मले ढकलत होत्या तरी चालत होती. तुमाले त माहीत होतं."

श्वेता खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी म्हणालो, आता बोलून काय उपयोग, तू आधी बरी हो.

"तुमी ओरडले तवा मी तुमच्याकडं पाहलं," ती म्हणाली. "मले वाटलं तुमी उठून येता. हातात डबा होता, गाड्या होत्या. म्हटलं, येते माणूस."

तेव्हा आठवते आहे तर सगळे. पण मी खुर्चीतून कसा उठणार होतो? ब्रश हातात होता, ओला. हे मी तिला सांगितले. तिने डोळे मिटले. थकली असावी.

३ मार्च

आज सुभद्रेला हॉस्पिटलातून सुटी मिळाली. मी घर झाडून ठेवले होते, खाली गादी घातली होती, शेजारच्या शोभाताईंकडून मऊ खिचडी करून आणली होती. ॲम्ब्युलन्स रस्त्याच्या पलीकडे जाऊन थांबली. सुभद्रेने श्वेताला आधीच सांगून ठेवले होते. ती इंदुताईकडे राहणार.

दोन अपंग बायका एका घरात, याला काय अर्थ आहे? श्वेताला म्हणालो तर ती म्हणाली, "मावशीले तिथं बाई आहे, लिफ्ट आहे. आणि काका, तिले तिथंच राहाचं आहे." काका म्हणताना माझ्याकडे पाहिले नाही. स्ट्रेचर लिफ्टमधे मावेना, तेव्हा चौघांनी जिन्याने नेले. मी मागे पिशव्या घेऊन होतो. दारात सुभद्रा म्हणाली, "पिशव्या इथंच ठेवा. अन् घर उघडं नका टाकू, जा."

घराला कुलूप आहे असे म्हणणार होतो. राहून गेले.

९ मार्च

मोठ्या पावलांभोवती मंडळाने लोखंडी कठडा बसवला. कायमचा. रस्ता तेवढा अरुंद झाला. जितेंद्र म्हणाला, गाड्या आता आपोआप हळू होतील. एवढे त्याचे खरे. कठड्यावर दगडी पाटी येणार आहे, तिच्यावरही माझे नाव.

माणसे अजून टपरीच्या बाजूनेच ओलांडतात. मीही परवा दूध आणायला तसाच गेलो. लहान पावले कठड्याच्या दोन्ही अंगांना मोकळी होती. चालता आले असते. पाय उचललाही होता, मग काय झाले कोण जाणे, काठाबाहेरून गेलो. सोनेरी कड जरा उडाली आहे.

१६ मार्च

आज होळीनंतरचा पहिला रविवार. भाजी केली, भाकरी शोभाताईंकडून घेतल्या, डबा भरला आणि निघालो. श्वेता म्हणाली होती, मावशी आता वॉकर धरून गॅलरीपर्यंत येते.

आली होती. पिवळी साडी, वेणी इंदुताईच्या बाईने घातली असावी, तिची स्वतःची इतकी घट्ट नसते. वॉकरवर दोन्ही हात ठेवून खाली रस्त्याकडे पाहत होती. मी कडेला उभा राहिलो. डबा उंच करून दाखवला. तिने मला पाहिले. नक्की पाहिले.

मग वॉकरवरचा एक हात सोडला, तोल सावरला, आणि तळवा माझ्याकडे करून दोनदा हलवला. नको. येऊ नको. रविवार असल्यामुळे रस्ता त्या घटकेला मोकळाच होता, एक सायकलवाला तेवढा चालला होता. तरी तिने हात तसाच धरून ठेवला, मी वळेपर्यंत.

बिचारी घाबरली आहे रस्त्याला. एवढे झाले तरी माझी काळजी करते. तिच्या जिवाला घोर नको म्हणून परत आलो.